मुलाबरोबर वाढणारी खोली कोणासाठी?

वऱ्हाडातील जुन्या माळवदी घरांत माजघराच्या तुळईला एक लोखंडी कडी असे. घरात मूल जन्मले की त्या कडीला पाळणा लागे. मूल पाळण्यातून उतरले की तिथेच झोका बांधला जाई. ते शाळेत जाऊ लागले की कडीला कंदील नाहीतर शिंके टांगले जाई आणि पुढच्या बाळंतपणाची वाट पाहत ती कडी आपल्या जागी राही. मूल वाढते तसे त्याच्या भोवतालचे घरही बदलले पाहिजे, हे शहाणपण आपल्या समाजाला कोणा परदेशी कारखानदाराने शिकवलेले नाही.

आज मात्र हेच शहाणपण मोठ्या शहरांतील दुकानांतून किंमत लावून विकले जात आहे. जन्मलेल्या बाळासाठी पाळणा, दोन वर्षांनी त्याच पाळण्याचा पलंग, पाच वर्षांनी त्या पलंगाचे अभ्यासाचे मेज. भिंतीवरील फळ्या सरकवता येतील, रंग धुता येतील, दिवे मंद करता येतील, अशी 'मुलाबरोबर वाढणारी खोली' ही सुखवस्तू दांपत्यांची नवी हौस झाली आहे. या हौसेची केवळ टिंगल करून भागणार नाही. तिच्यामागची कल्पना मुळात खरी आहे. नॉर्वेतील पीटर ऑप्सविक या आरेखनकाराने १९७२ मध्ये एक लाकडी खुर्ची तयार केली. तिची बैठक आणि पाय टेकायची फळी मुलाच्या उंचीप्रमाणे वरखाली करता येत असे, त्यामुळे लहान मूलही मोठ्यांच्या बरोबरीने एकाच मेजावर जेवायला बसू शके. मुलाने मोठ्यांच्या मापाच्या जगात लोंबकळत राहू नये, जगाने थोडे त्याच्या मापाचे व्हावे, हा त्यामागील विचार माणुसकीचाच आहे. प्रश्न कल्पनेचा नाही. प्रश्न असा आहे की ही वाढणारी खोली कोणाच्या मुलासाठी, आणि ज्याच्या घरात वाढवायला खोलीच नाही त्याच्या मुलाचे काय?

हा प्रश्न बडनेऱ्यात उभे राहून विचारला म्हणजे त्याची धार कळते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्या मार्गावरील बडनेरा हे जंक्शन, येथून अमरावतीला सुमारे दहा किलोमीटरचा फाटा जातो. रुळांच्या एका बाजूला जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूला नवी वस्ती. वऱ्हाडच्या कापसावर येथे एके काळी कापडगिरणी चालली. तिचा भोंगा आता वाजत नाही. १९८३ मध्ये अमरावती महानगरपालिका झाली आणि बडनेरा तिच्या हद्दीत आले. पण हद्द बदलल्याने कष्टकऱ्यांच्या खोलीचे माप बदलत नाही. स्टेशनावर ओझी वाहणारे, फेरीवाले, गवंडी, इमारतीवर घमेली उचलणाऱ्या बाया, अमरावतीच्या बंगल्यांतून धुणीभांडी करणाऱ्या मोलकरणी, हंगामात आसपासच्या शिवारात निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या मजूर स्त्रिया, अशांच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत स्वयंपाक, झोप, आजारपण आणि बाळंतपण सारे काही एकाच जागी होते. वर टिनाची पत्रे. वऱ्हाडच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा या पत्र्याखाली जुन्या लुगड्याच्या झोळीत निजलेल्या तान्ह्या मुलाची काय गत होत असेल, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

झोळी आहे तोवर निदान मुलाला स्वतःची म्हणावी अशी जागा असते. खरा प्रश्न ते मूल रांगू लागल्यावर उभा राहतो. रांगायला जमीन हवी, आणि जमिनीवर चूल, स्टोव्ह, पाण्याचा पिंप, दाराबाहेर गटार आणि त्यापलीकडे रेल्वेचे रूळ. मग आईसमोर दोन वाटा राहतात. मुलाला कामावर नेऊन बांधावरच्या बाभळीच्या सावलीत ठेवणे ही एक, आणि सात-आठ वर्षांच्या मोठ्या मुलीच्या कडेवर त्याला देऊन जाणे ही दुसरी. कापूसवेचणीची मजुरी वजनावर मिळते. मूल रडले म्हणून बाई दर अर्ध्या तासाने ओळ सोडून बांधावर गेली तर संध्याकाळी काट्यावर तिचे गाठोडे हलके भरते. म्हणून दुसरी वाट धरली जाते. मोठी बहीण शाळेतून निघते. एका मुलाचे बालपण सांभाळण्यासाठी दुसऱ्या मुलीचे बालपण गहाण पडते. सधन घरात मुलाबरोबर खोली वाढते. निर्धन घरात खोली वाढत नाही म्हणून बालपणच आखूड केले जाते. दोन वर्गांतील फरक यापेक्षा स्पष्ट शब्दांत मांडता येणार नाही.

वस्तुतः लहान मुलाची गरज फार महाग नाही. पहिल्या सहा महिन्यांत त्याला सावली, हवा, मच्छरदाणी, स्वच्छ दुपटी आणि दिवसातून अनेक वेळा आईचे दूध लागते. त्यानंतर वर्षभर त्याला लागते ती धुता येईल अशी जमीन आणि धरून उभे राहता येईल असा कमरेइतका आडवा बांबू. दीड वर्षापासून पाणी, वाळू, माती, ओतायला वाटी आणि भरायला डबा. आणि स्वतः जाऊन बसता येईल असे छोटे, न घाबरवणारे शौचकूप. तिसऱ्या वर्षी त्याला सोबती लागतात, गोष्ट सांगणारे माणूस लागते, हाताला येईल अशा उंचीवर खुंटी आणि फळी लागते. पाचव्या वर्षी भिंतीला खालपासून काळा रंग दिलेला पट्टा पुरे. त्यावर खडूने रेघोट्या मारता मारता ते अक्षराकडे वळते. सहाव्या वर्षी त्याला पुस्तक आणि शांत कोपरा हवा. या यादीत सागवानी पलंग कोठेही नाही. परंतु जमीन, पाणी, सावली, सोबती आणि जाणते माणूस या पाच गोष्टी आहेत, आणि नेमक्या याच पाच गोष्टी दहा बाय दहाच्या खोलीत एकेकट्या कुटुंबाला कधीही मिळवता येणार नाहीत. दहा कुटुंबे मिळून त्या मिळवू शकतात. बालसंगोपनाच्या खोलीचा प्रश्न म्हणूनच घरसजावटीचा राहत नाही, तो सार्वजनिक व्यवस्थेचा होतो.

इतिहासही हेच सांगतो. लहान मुलाच्या मापाचे सामान हा विचार आज ज्यांच्या नावाने महागड्या शाळा आणि खेळणी विकतात त्या मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले 'बालकांचे घर' ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या श्रमिकांच्या वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले जिने आणि भिंती खराब करीत, म्हणून चाळींची मालकी असलेल्या मंडळीने मुलांसाठी त्याच इमारतीत एक खोली दिली. मालकांचा हेतू भिंती वाचवण्याचा होता; माँटेसोरींनी त्या खोलीत मुले घडवली. लहान मुलाला स्वतः उचलून नेता येतील अशा हलक्या खुर्च्या, त्याच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे, ही सारी रचना मजुरांच्या मुलांसाठी झाली होती. १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड भागात रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी उघड्या हवेतील बालशाळा काढली. मार्गारेट या इंग्लंडमधील स्वतंत्र मजूर पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या. कोंदट चाळींत खोकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बाग केली आणि बागेत एका बाजूने उघडे असे साधे छप्पर उभारले. धनिकांच्या घरात दाई असे आणि मुलांसाठी स्वतंत्र दालन असे; मजुराच्या मुलासाठी ते दालन समाजाने बांधले पाहिजे, असा त्या प्रयत्नांचा अर्थ होता. पुढे भांडवली बाजाराने त्यातील सामान उचलले आणि समाज वगळला.

या विचाराचे मराठी रूप शोधायला बडनेऱ्याहून फार दूर जावे लागत नाही. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आणि १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या. त्यांचे पती तेथे वकिली करीत. पुढे त्या राजकोटला गेल्या आणि तेथून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाच्या कार्यात पडल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. येथपर्यंतचे काम प्रामुख्याने शहरी, पांढरपेशा मुलांचे होते. ताराबाईंचे मोठेपण असे की, त्या तिथे थांबल्या नाहीत. १९४५ च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. त्याच वर्षी त्याच परिसरात वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकीकडे बापाच्या पाठीवरचे जू उतरवण्याचा लढा चालू होता, दुसरीकडे त्याच वर्गाच्या मुलाला बालपण मिळवून देण्याचा.

बोर्डीत पहिला धडा ताराबाई आणि अनुताई यांनाच मिळाला. बालवाडी काढली तरी पाड्यावरची आणि हरिजनवस्तीतील मुले येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द, जो आज साऱ्या देशाच्या सरकारी कागदपत्रांत आहे, तो या अंगणातून आला. परदेशी साधने परवडणारी नव्हती आणि त्या मुलांच्या जीवनाशी जुळणारीही नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे, करवंट्या आणि चिकणमाती यांची साधने झाली. मोठी मुले गुरांमागे जात, म्हणून कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडली. मोठी बहीण शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी पाहिले होते. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच ठिकाणी आणली आणि त्या रचनेला 'विकासवाडी' हे नाव दिले. बहिणीने तान्ह्याला पाळणाघरात द्यावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः पलीकडच्या वर्गात जाऊन बसावे. मूल वाढेल तसे त्याने एका दालनातून दुसऱ्या दालनात जावे.

मुलाबरोबर वाढणारी खोली ती हीच. एका मुलासाठी एका पलंगाची तीन रूपे करण्याऐवजी एका वस्तीच्या मुलांसाठी तीन दालने जोडून ठेवणे, हा या रचनेचा गाभा आहे. घरातला पलंग वाढतो तेव्हा एकच मूल वाढते. विकासवाडी उभी राहते तेव्हा पाळण्यातले तान्हे, त्याला कडेवर घेणारी बहीण आणि कामावर गेलेली आई अशी तीन माणसे एकाच वेळी मोकळी होतात. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. गौरव झाला. परंतु त्यांनी जे जोडले होते ते शासनाने पुन्हा तोडले, ही खेदाची गोष्ट आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्या पहिल्या ३३ मध्ये अमरावती जिल्ह्यातील धारणीचा आदिवासी प्रकल्प होता. म्हणजे मेळघाटाचे आणि बडनेऱ्याचे पालकत्व असलेला हाच जिल्हा या योजनेच्या पाळण्याशी पहिल्या दिवसापासून उभा आहे. योजनेने शब्द घेतला 'अंगणवाडी', पण अंगण मागे राहिले. अंगणवाडी सकाळचे काही तास भरते. मजूर आईचा दिवस त्याआधी सुरू होतो आणि त्यानंतर कितीतरी उशिरा संपतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला बसायला जागा आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायच्या शिध्याची पिशवी आहे, पण दिवसभर निजायला पाळणा नाही. मुलाच्या आयुष्यातील जो काळ सर्वांत नाजूक, त्याच काळात योजना त्याला घरी परत पाठवते. शहरांत तर अंगणवाडी बहुधा भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत भरते. ज्या कोंदट खोलीतून मुलाला बाहेर काढायचे, तशाच दुसऱ्या खोलीत त्याला बसवायचे, याला विकास म्हणणे कठीण आहे.

या दुराव्याचे मूळ राज्यघटनेच्या शब्दांतही सापडते. २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मात्र राज्य संगोपन आणि शिक्षण पुरवण्याचा 'प्रयत्न' करील, एवढेच अनुच्छेद ४५ मध्ये उरले. सहाव्या वाढदिवशी मुलाला हक्क मिळतो. त्याआधी त्याच्या वाट्याला केवळ सदिच्छा असते. जणू सहा वर्षांचे मूल आभाळातून थेट शाळेच्या दारात पडते!

कामगार कायद्यांची कथाही अशीच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. हेतू चांगला होता, पण तरतुदीत पळवाट होती. पाळणाघर स्त्रियांच्या संख्येला बांधले की मालकाला एक सोपा हिशोब सुचतो, तो म्हणजे संख्या कमी ठेवणे. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या दशकात दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. १९७० च्या दशकापर्यंत स्त्रिया तेथून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे अशी त्याची कारणे अनेक होती. परंतु स्त्री-कामगारासाठी मालकाला वेगळा खर्च करावा लागतो आणि पुरुष-कामगाराला जणू मूलच नसते, हे गृहीतकही त्यांपैकी एक होते. मूल दोघांचे असते. मग पाळणाघर एकट्या बाईच्या हजेरीपटावर का मोजायचे? २०१७ मध्ये प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनांना, मग ते कर्मचारी स्त्रिया असोत वा पुरुष, पाळणाघराची अट लागू झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तोच आकडा ठेवला. ही सुधारणा योग्यच आहे. पण बडनेऱ्याच्या मोलकरणीची 'आस्थापना' एका बंगल्याएवढी असते, निंदणाऱ्या बाईची आस्थापना रोज बदलते, आणि घमेले वाहणारीचा मुकादम हजेरीला नेमके किती माणसे दाखवील ते त्याच्या सोयीवर असते. ज्या बहुसंख्य स्त्रिया असंघटित आहेत त्यांच्यापर्यंत पन्नासाचा आकडा कधी पोहोचतच नाही.

यात केवळ शासन आणि मालक यांनाच दोष देऊन कामगार चळवळीला नामानिराळे राहता येणार नाही. महागाईभत्ता, बोनस, पगारवाढ यांसाठी आपल्या कामगार संघटनांनी मोठे लढे दिले. त्यांचे मोल कमी नाही. पण मागणीपत्रात पाळणाघराचे कलम असलेच तर ते शेवटच्या पानावर असे, आणि वाटाघाटींत सोडून द्यायचे पहिले कलमही बहुधा तेच असे. पुरुष कार्यकर्त्याच्या घरी मूल कोण सांभाळते, हा प्रश्न त्याला सभेत कोणी विचारला नाही आणि त्याने स्वतःलाही विचारला नाही. समतेची भाषा बोलणाऱ्यांनी या चुकीची कबुली आता दिली पाहिजे.

अशा सूचनेवर ठरावीक आक्षेप येतात. पहिला असा की, मुलाची जागा आईजवळ, पाळणाघर म्हणजे मायेची फारकत. हा आक्षेप ज्यांच्या घरी मदतीला मोलकरीण असते तेच बहुधा घेतात आणि त्या मोलकरणीचे मूल त्या वेळी कोणाजवळ असते याची चौकशी करीत नाहीत. मजूर आई आणि मूल यांची फारकत पाळणाघर करीत नाही. ती पोटाने आधीच केलेली असते. उलट कामाच्या किंवा घराच्या जवळचे पाळणाघर आईला मधल्या सुट्टीत येऊन दूध पाजण्याची सोय देते. दुसरा आक्षेप, आजी-आजोबा आहेतच की! परंतु बडनेऱ्यासारख्या जंक्शनच्या गावी पोटासाठी आलेल्या अनेक कुटुंबांचे वडीलधारे गावीच राहिलेले असतात. आणि जेथे आजी आहे तेथे तीही बहुधा मजुरीला जाते. तिसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर जरा सविस्तर दिले पाहिजे.

पैसा नाही असे नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी बसवला. त्या मजुरांच्या मुलांची पाळणाघरे हे त्या निधीचे पहिले काम ठरायला हवे. दिल्लीत १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना तेथील मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर उघडले. तेच काम पुढे मुंबई-पुण्यापर्यंत आले. इमारत पुढे सरकली की पाळणाघरही पुढे सरके. १९९६ चा कायदा यायच्या सत्तावीस वर्षे आधी जे एका तंबूत होऊ शकले, ते निधी हाताशी असताना अशक्य कसे? महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावे, असे लिहिले गेले. म्हणजे मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे हे कायद्याने मान्य केले. त्याप्रमाणे वागण्याचेच काय ते राहून गेले. अलीकडे केंद्र सरकारने 'पाळणा' नावाची योजना आणली आणि अंगणवाडीला पाळणाघर जोडून अशी १७,००० केंद्रे करण्याचे उद्दिष्ट ठेवले. दिशा बरोबर आहे. पण देशभरातील लाखो अंगणवाड्यांपुढे हा आकडा पाशेरातली गुंज आहे.

येथे अंगणवाडी सेविकांचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. बालविकासाची ही सारी इमारत ज्यांच्या खांद्यावर उभी आहे त्यांना शासन 'मानसेवी' म्हणते आणि वेतनाऐवजी मानधन देते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना संपावर जावेच लागले. दिवसभराचे पाळणाघर हवे असेल तर दिवसभराचे वेतन दिले पाहिजे. एका आईच्या मुलाची सोय दुसऱ्या आईच्या स्वस्त श्रमावर करणे ही समता नव्हे. तो शोषणाचा केवळ पत्ता बदलणे होय.

मग बडनेऱ्यात करायचे काय? महानगरपालिकेच्या ज्या शाळांत पट घसरल्यामुळे वर्ग रिकामे पडले असतील, तेथे जुन्या आणि नव्या वस्तीत प्रत्येकी एक विकासवाडी उघडावी. एक वर्ग पाळण्यांसाठी, त्याला लागून एक बालवाडीसाठी, आणि शाळा तर आहेच. वेळ सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे मजुराच्या घड्याळाप्रमाणे. हंगामात ती आणखी वाढवावी. पत्र्याखाली बांबूचे तट्टे आणि वर पांढरा चुना, दक्षिणोत्तर खिडक्या, खिडकीचा उंबरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. समोर ओसरी, ओसरीपुढे कडुनिंब, त्याखाली वाळूचा हौद आणि नळ. भिंतीला खालून काळा पट्टा, सरकत्या खुंट्या, हलकी बाके. म्हणजे आज तान्ह्यांची असलेली खोली पुढल्या वर्षी मुलांच्या संख्येप्रमाणे बालवाडीची होऊ शकेल. हे काम येथलाच सुतार आणि गवंडी करू शकतो. त्यासाठी निविदा मागवून पुण्या-मुंबईचे सामान आणण्याची जरुरी नाही. देखरेखीसाठी आईबापांची समिती असावी आणि तिच्या बैठकीला बापांनीही यावे. रेल्वे, ठेकेदार, बाजारपेठ, जे जे या वस्तीच्या श्रमावर चालतात त्या सर्वांकडून स्त्रियांची संख्या न मोजता या खर्चाचा वाटा घ्यावा.

ही मागणी मोठी वाटेल. ती मोठी नाही. याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगाव हातात खराटा घेऊन, पोटाला चिमटा काढून का होईना पण पोराला शिकवा, असे सांगितले. वऱ्हाडच्या गोरगरिबांनी ते मनावर घेतले आणि पोटाला चिमटा काढलाही. पण चिमटा काढूनही शाळेपर्यंत पोहोचण्याआधीची सहा वर्षे कोणत्या जागेत काढायची, याचे उत्तर एकट्या घराने द्यायचे नसते. ते पालिकेने, राज्याने आणि संघटित चळवळीने द्यायचे असते.

माजघराच्या तुळईची ती कडी आता बहुतेक घरांत राहिलेली नाही; तुळईच राहिली नाही तर कडी कोठून राहणार? टिनाच्या पत्र्याखालच्या लोखंडी नळीला बांधलेली झोळी तेवढी उरली आहे. ती कडी पुन्हा कोठेतरी भक्कम तुळईत रोवली पाहिजे. ती तुळई आता एका घराची नसेल, साऱ्या वस्तीची असेल. बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर धाकट्याला कडेवर घेऊन उभी असलेली आठ वर्षांची मुलगी तोवर शाळेची घंटा दुरूनच ऐकत राहील, आणि तिच्या कडेवरचे मूल जितके वाढेल तितके तिचे ओझे वाढत जाईल.